मी त्याला हटकलं

‘रात्री साडेअकराच्या सुमारास एक मुलगा मागच्या बाजूनं आत येताना दिसला, म्हणून मी त्याला हटकलं.’ वाक्य एवढंच. दोन पानी जबाबातलं, पहिल्या पानाच्या साधारण मध्यावरचं. जबाब एका सुरक्षारक्षकाचा होता. रेघांचा कागद, निळं बॉलपेन, गोल गोल अक्षर, आणि प्रत्येक शब्द लिहून झाल्यावर त्याच्यावर सावकाश ओढलेली शिरोरेघ. घाईत लिहिणाऱ्याची शिरोरेघ तुटते, वाकडी होते. ही कुठेच तुटली नव्हती. कागदाच्या कडेला अंगठ्याचा घामट डाग होता, स्कॅनमध्येसुद्धा दिसणारा. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून तो जबाब इंग्रजीत करून देण्यासाठी माझ्याकडे आला. मी अशी किरकोळ कामं घेते. पानावर पैसे मिळतात, जीव गुंतवावा लागत नाही, आणि दुपारच्या दोन तासांत हातावेगळी होतात.

‘हटकलं’पाशी मी थांबले नाही. पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे आता वाटतं, थोडी तरी अडखळले असेन. पण नाही. बोटं पुढे गेली आणि पडद्यावर ‘अकॉस्टेड’ असा शब्द उमटला. खरं सांगायचं तर मी जरा खूशच झाले. ‘स्टॉप्ड’ लिहिलं असतं तर विचारण्याचा भाग सुटला असता, ‘आस्क्ड’ लिहिलं असतं तर थांबवण्याचा. एका शब्दाला एकच शब्द मिळाला की घट्ट काजात बटण बसल्यासारखं वाटतं. अनुवादकाचे आनंद इतपतच असतात. मग मी शेवटपर्यंत गेले, एकदा वाचून पाहिलं, पाठवून दिलं आणि विसरले.

चार दिवसांनी फोन आला. अधिकारी सभ्य होते, आवाजात थोडा दमलेपणा होता. ‘मॅडम, एक शंका होती. तुमचा अनुवाद चोख आहे ना? कारण इथं हा माणूस स्वतःच कबूल करतोय.’ मी विचारलं, काय कबूल करतोय? ते म्हणाले, ‘हेच की त्यानं त्या मुलाला अकॉस्ट केलं. मुलाची तक्रार तरी दुसरी काय आहे?’

मी म्हणाले, बघते आणि कळवते.

फोन ठेवल्यावर मी तो मूळ कागद पुन्हा उघडला. ‘हटकलं.’ चार अक्षरं आणि वर एक अखंड रेघ. लिहिणाऱ्यानं ते वाक्य लिहिताना पेन दाबलं नव्हतं, उचललं नव्हतं, खाडाखोड केली नव्हती. त्याला त्या शब्दात लपवण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. उलट, तो आपण आपलं काम केल्याचं सांगत होता. वॉचमननं रात्री साडेअकराला हटकायचं नाही, तर करायचं काय? त्याच्या मराठीत ते वाक्य त्याची बाजू मांडत होतं आणि माझ्या इंग्रजीत तेच वाक्य त्याच्या विरुद्धचा पुरावा झालं होतं. मधे फक्त मी होते.

त्या रात्री मी ‘हटकणे’ या शब्दाकडे आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. रोजच्या वापरातल्या शब्दांचं असं होतं, जिन्याच्या कठड्यासारखं. हात रोज फिरतो, पण कठडा लाकडी आहे की लोखंडी, पटकन सांगता येत नाही. हटकण्यासाठी पायाखाली स्वतःची जमीन लागते. दारावरचा माणूस हटकतो. वर्गाबाहेर रेंगाळणाऱ्या मुलाला शिक्षक हटकतात. रात्री जिन्यात अनोळखी पावलं वाजली की तळमजल्यावरच्या आजी दार न उघडताच हटकतात, ‘कोण आहे रे?’ यातल्या कोणाचाही आवाज चढलेला असेल, उर्मटही असेल, पण त्याच्यामागे एक न बोललेलं वाक्य असतं, की मला विचारायचा हक्क आहे. ज्याला हटकलं जातं तो चिडतो तेव्हाही त्या हक्कावरच चिडतो. ‘मला हटकणारा तू कोण?’ असं म्हणतो. ‘मला का हटकलंस’ असं सहसा म्हणत नाही. आणि हटकल्यानंतर पुढचा निकाल लागलेला नसतो. समोरचा म्हणतो, ‘मी अमक्याचा भाचा,’ की हटकणारा बाजूला होतो आणि वर ‘अंधारात ओळखलं नाही’ असंही म्हणतो. भांडण, आरोप, शिक्षा हे सगळं नंतरचं. हटकणं म्हणजे नुसता उंबरा.

‘अकॉस्ट’चं नेमकं उलट आहे. अकॉस्ट करणाऱ्याला तो हक्क नसतो, हीच त्या शब्दाची अट. रस्त्यात, गाड्या लावायच्या जागेत, लांबलचक रिकाम्या बोळात, म्हणजे जी जागा कोणाचीच नाही अशा ठिकाणी, एक अनोळखी माणूस तुमच्याजवळ येतो आणि तुम्ही बोलावलेलं नसताना बोलू लागतो. तुमच्या स्वतःच्या घरात तुम्हाला सहसा कोणी अकॉस्ट करत नाही. मित्रही करत नाही; केलं असं कोणी म्हणालं तर ते थट्टेनं. आणि गंमत अशी की या क्रियापदाला प्रथमपुरुष जवळजवळ नाहीच. ‘मला अकॉस्ट केलं’ असं हजार वेळा वाचायला मिळतं. ‘मी त्याला अकॉस्ट केलं’ असं म्हणणारा एकतर स्वतःवर हसत असतो, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या तरी अनुवादात अडकलेला असतो. हे क्रियापद करणाऱ्याचं नाहीच मुळी. ज्याच्यावर ते ओढवतं त्याचं आहे. मी ते करणाऱ्याच्या तोंडी घातलं, आणि तेही सहीनिशी.

हा फरक मला माहीत नव्हता असं म्हणून सुटका करून घेता येत नाही. मला तो चांगला माहीत होता. अंगानं माहीत होता.

मी एकोणीस वर्षांची असताना एका संध्याकाळी शिकवणीहून परत येत होते. अंधार पडलेला नव्हता, पण रस्त्यावरचे दिवे लागले होते, म्हणजे ती वेळ जेव्हा दोन्ही उजेड असतात आणि एकाचाही उपयोग नसतो. मागून चपलांचा आवाज येत होता. मी हळू झाले की तो हळू होत होता. मग तो आवाज मागून बाजूला आला. डाव्या बाजूला. एक माणूस माझ्या पावलाशी पाऊल जुळवून चालत होता, इतकं नेमकं की आमच्या दोघांच्या चपला एकदमच वाजत होत्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बघतच विचारलं, ‘किती वाजले?’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘रोज याच वेळेला जाता का?’ मी उत्तर दिलं नाही. आणखी पंधरा-वीस पावलं तो तसाच चालला, आणि मग एका वळणाला, काहीच झालं नसल्यासारखा, वळला. मला त्याचा चेहरा आठवत नाही, कारण मी तो पाहिलाच नाही. आठवते ती माझी डावी बाजू. काखेपासून कमरेपर्यंत कोणीतरी गार पत्रा धरल्यासारखी ती बाजू जड झाली होती, आणि घरी येईपर्यंत तशीच राहिली.

घरी सांगताना पंचाईत झाली. ‘एका माणसानं मला रस्त्यात…’ इथपर्यंत आले आणि क्रियापद मिळेना. छेड काढली? नाही. अडवलं? नाही, मी तर चालत होते. पाठलाग केला? म्हणजे… तसा नाही. शेवटी मी म्हणाले, ‘वेळ विचारली.’ सगळे माझ्याकडे बघत राहिले. ‘मग?’ मग काही नाही. वेळच विचारली होती. आणि मी इतकी पांढरीफटक का पडले होते, हे मलाही सांगता आलं नाही. ‘लगट’ हा शब्द तेव्हा सुचला असता तर कदाचित थोडं जमलं असतं. त्यात अंगाला अंग लागण्याच्या बेतात येणं आहे. पण लगट करणारा काहीतरी मागत असतो, आणि या माणसानं काही मागितलं नव्हतं. त्याला हवं होतं ते त्याला मिळालं होतं: मी घाबरले होते.

त्यानंतर काही वर्षांनी कधीतरी एका जाड इंग्रजी कोशात मी ‘अकॉस्ट’ची व्युत्पत्ती वाचली आणि ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसले. शाळेत असताना माझी समजूत होती की या शब्दाचा ‘कॉस्ट’शी, म्हणजे किमतीशी काही संबंध असावा, कोणी तुम्हाला गाठतं आणि त्याची तुम्हाला किंमत मोजावी लागते, असं काहीतरी. वाईट समजूत नव्हती, पण चुकीची होती. मूळ आहे लॅटिन ‘कोस्टा’. कोस्टा म्हणजे बरगडी. बरगडी, म्हणून कूस, म्हणून बाजू. समुद्राच्या बाजूची जमीन ती ‘कोस्ट’, तीही याच बरगडीची. आणि ‘अकॉस्ट’ म्हणजे बरगडीला बरगडी लागेल इतकं बाजूला येणं. फ्रेंचमध्ये आजही जहाज धक्क्याला लागतं तेव्हा हेच क्रियापद वापरतात. मी एकोणीस वर्षांची असताना जे मला मराठीत सांगता आलं नाही, ते कोणा अनामिक खलाशानं आधीच बरोबर जागी बोट ठेवून सांगून ठेवलं होतं. डावी बाजू. काखेपासून कमरेपर्यंत.

या शब्दाची पुढची गोष्ट मात्र विनोदी आहे, आणि त्या रात्री मला विनोदाची गरज होती. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये सर टोबी नावाचा एक पिदाडा सरदार आपल्या बावळट मित्राला, सर अँड्र्यूला, समोर आलेल्या मारियाकडे ढकलत म्हणतो, अकॉस्ट, अँड्र्यू, अकॉस्ट! अँड्र्यूला शब्दच माहीत नसतो. त्याला वाटतं हे त्या बाईचं नाव आहे, म्हणून तो तिला ‘अकॉस्टबाई’ म्हणून हाक मारतो. ती म्हणते, माझं नाव मेरी. तर हा ‘मेरी अकॉस्ट’ अशी दुरुस्ती करतो. मग टोबी वैतागून अर्थ सांगतो: तिच्या समोर जा, तिच्यावर चढाई कर, तिला मनव, तिच्यावर हल्ला कर. चारही एकाच दमात. या नाटकाच्या प्रयोगाची सगळ्यात जुनी नोंद 2 फेब्रुवारी 1602 ची आहे, लंडनच्या मिडल टेंपलमधली, म्हणजे वकिलांच्या संस्थेच्या दिवाणखान्यातली. कायदा शिकणारी तरुण पोरं बाकांवर दाटीनं बसून हसली असतील. ज्यांचा पुढचा सगळा धंदा एकेका क्रियापदाच्या अर्थावर चालणार होता, त्यांना शब्दच न कळलेल्या माणसाचं हसू येणं साहजिक आहे. मला अँड्र्यूची दया आली. निदान त्यानं शब्द माहीत नसताना वापरला. मी माहीत असून वापरला.

आणि मग इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन. 1755 च्या त्यांच्या कोशात ‘अकॉस्ट’चा अर्थ दिला आहे तो असा: आधी बोलणे, संबोधणे, अभिवादन करणे. बस्स. ना धमकी, ना दमदाटी, ना आजचे कोश हळूच जोडतात तो शरीरविक्रयाचा अर्थ. माझा वॉचमन 1755 सालच्या इंग्रजीत जबाब देत असता तर त्यानं त्या मुलाला रात्री साडेअकराला अदबीनं नमस्कार केला असता! शब्दानं मधल्या काळात कधीतरी बाजू बदलली. जवळ येणाऱ्याच्या बाजूनं होता, तो ज्याच्या जवळ कोणी आलं त्याच्या बाजूला गेला. मला हे चांगलंच झालं असं वाटतं. जगात निदान एक क्रियापद तरी असं असावं जे घाबरलेल्या माणसाच्या मालकीचं आहे. पण मग ते दुसऱ्या कोणाच्या तोंडी देताना हात थरथरायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी भाची आली होती. तिला मी हे सगळं सांगितलं. तिनं मोबाइलवरून नजर न काढता निकाल दिला, ‘मावशी, तू सरळ कन्फ्रंट कर ना.’

‘कोणाला? चूक माझी आहे.’

‘मग मेल टाक,’ ती म्हणाली, आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेली.

हा ‘कन्फ्रंट’ हल्ली मराठीत फार आला आहे. तिच्या मैत्रिणी एकमेकींना कन्फ्रंट करतात, नवऱ्याला कन्फ्रंट करतात, बॉसला करायचं ठरवतात आणि करत नाहीत. मला सुरुवातीला राग यायचा, कारण आपल्याकडे ‘जाब विचारणे’ आहे, ‘तोंडावर सांगणे’ आहे, ‘फैलावर घेणे’ आहे. मग लक्षात आलं की यातलं एकही तिच्या कामाचं नाही. जाब वरचा माणूस खालच्याला विचारतो. ‘जाब’ म्हणजे ‘जवाब’च, उत्तर, आणि उत्तर मागण्याचा अधिकार असावा लागतो. फैलावर घेतो तो चिडलेला असतो. तिला हवं आहे ते वेगळंच: दोघं बरोबरीचे, समोरासमोर, आवाज न चढवता, पण मागे हटायचं नाही. अशा प्रसंगाला मराठीत क्रियापद नाही, कारण बहुधा असे प्रसंग आपण फार येऊ दिले नाहीत. एकतर गप्प बसलो, नाहीतर खडसावलं. मधली जागा रिकामी होती, तिथं हा शब्द येऊन बसला. बसू दे.

त्याचं मूळ पाहिलं तर तेही शरीरातच आहे. ‘फ्रॉन्स’ म्हणजे लॅटिनमध्ये कपाळ. कन्फ्रंट, म्हणजे कपाळासमोर कपाळ. अकॉस्ट बरगडीपासून निघालं, हे कपाळापासून. एक बाजूनं येतं, एक समोरून. माझ्या त्या संध्याकाळच्या माणसानं समोरून येऊन तेच प्रश्न विचारले असते तर मी त्याचा चेहरा पाहिला असता, आणि कदाचित उलट विचारलंही असतं, ‘तुम्हाला काय करायचंय?’ बाजूनं आलेल्याला उत्तर देता येत नाही, हीच तर त्या येण्यातली मेख आहे. मराठीत मात्र कपाळ हे भिडायचं ठिकाण नाही. आपल्या कपाळावर लिहिलेलं असतं, आपलं कपाळ फुटतं, आपण कपाळाला हात लावून बसतो. आपली भांडणं तोंडानं आणि डोळ्यांनी होतात. संकटाला ‘तोंड देतो’ तो शूर, आणि मोठ्यांच्या ‘तोंडाला तोंड देतो’ तो उद्धट. एका तोंडाचा फरक. दाढीचंही असंच. इंग्रजीत दाढी या नामाचंच क्रियापद होतं, आणि त्याचा अर्थ बलवान माणसाला त्याच्याच गुहेत जाऊन आव्हान देणं. मराठीत एखाद्याची दाढी धरणं म्हणजे त्याची विनवणी करणं. हात तोच, दाढी तीच. दोन भाषांच्या मधे उभं राहून पाहणाऱ्याला हा माणूस मारायला निघालाय की पाया पडायला, ते कळू नये.

कपाळावरून मला सर वॉल्टर रॅले आठवले, इंग्लंडचे दरबारी आणि दर्यावर्दी. नोव्हेंबर 1603 मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. मुख्य पुरावा होता त्याच कटातला आरोपी लॉर्ड कोबम याचा जबाब. कागदावरचा. रॅले पुन्हा पुन्हा एकच मागणी करत राहिले, की हा कागद नको, तो माणूस इथं आणा, त्याला माझ्या तोंडासमोर हे बोलू दे. कोबम त्या वेळी कैदेतच होता, जिवंत होता, आणता आला असता. आणला नाही. कागदावर रॅले दोषी ठरले, तेरा वर्षं लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत राहिले, आणि शेवटी 1618 मध्ये त्याच जुन्या शिक्षेखाली त्यांचं डोकं उडवलं गेलं. पुढे 1791 मध्ये अमेरिकेनं आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीत आरोपीला साक्षीदारांसमोर उभं राहण्याचा हक्क लिहून ठेवला, आणि तिथं क्रियापद वापरलं ते हेच, कन्फ्रंट. 1988 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, साक्षीदार आणि आरोपी यांच्या मधे पडदा लावायचा की नाही या प्रकरणात, चक्क या शब्दाच्या लॅटिन कपाळापर्यंत जाऊन चर्चा केली. पडदा चुकीचा ठरवला. दोनच वर्षांनी, लहान मुलाची साक्ष असेल तर काही वेळा दुसऱ्या खोलीतून कॅमेऱ्यानं घेतली तरी चालेल, असंही ठरवलं. मला दोन्ही निकाल पटतात. हे सोयीचं आहे हे मला कळतं, पण दोन्ही पटतात. एकोणीस वर्षांच्या मला त्या माणसासमोर उभं करून ‘आता सांग’ असं कोणी म्हटलं असतं, तर मी पुन्हा ‘वेळ विचारली’ एवढंच म्हणाले असते.

पण रॅलेंचं ते ‘कागद नको, माणूस आणा’ डोक्यातून जाईना. माझ्या वॉचमनच्या चौकशीत त्याचा कागद पुढे होता, आणि तोही त्याचा नव्हता, माझा होता. चौकशी अधिकाऱ्यांच्या समोर कपाळाला कपाळ लावून बसला होता तो माझा शब्द. तो माणूस स्वतः त्या वेळी कुठेतरी खुर्ची भिंतीला टेकवून पाय लांब करून बसला असेल, आपण सगळं खरं लिहून दिलंय या समाधानात. त्या मुलाचंही मला काही माहीत नव्हतं. त्याची तक्रार खरीही असेल. वॉचमननं हटकताना दंड धरला असेल, नको ते बोलला असेल. ‘हटकलं’ या शब्दाआड तेही मावतं. हक्क असलेल्या माणसाचे शब्द फार ऐसपैस असतात. कदाचित मुलाच्या बाजूनं ‘अकॉस्ट’ हाच खरा शब्द असेल, आणि मी चुकून खरं बोलून गेले असेन. या शक्यतेनं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मुलाचा शब्द मुलानं लिहावा. तो दुसऱ्याच्या जबाबात घालायचं काम माझं नव्हतं.

एवढं सगळं कळल्यावरही मी मेल लगेच टाकली नाही. एक पूर्ण दिवस घालवला. चूक मान्य केली की आधीचे सगळे अनुवाद कोणीतरी पुन्हा उघडणार, ही भीती होती. आणि त्यात ‘मी शब्दांवर जगते’ हा जो एक गुप्त तोरा असतो, तो मोडायचा होता. मेलचे चार खर्डे केले. पहिल्यात तीन परिच्छेद व्युत्पत्ती होती. शेवटच्यात दोन ओळी राहिल्या: अमुक ओळीतला शब्द माझ्याकडून चुकीचा पडला आहे, मूळ शब्दाचा अर्थ ‘थांबवून, कोण आहे आणि कुठे चालला आहे असं विचारलं’ इतकाच होतो, सुधारित प्रत जोडली आहे. चार अक्षरांना अख्खी ओळ लागली. बटण गेलं, काज उघडं राहिलं. अधिकाऱ्यांचं उत्तर तासाभरात आलं: नोंद घेतली, धन्यवाद. पुढे काय झालं ते मला कोणी कळवलं नाही, आणि कळवायचं कारणही नव्हतं.

साडेतीन महिन्यांनी एका प्रमाणपत्रावर सही करायला मला त्या आवारात पहिल्यांदाच जावं लागलं. दुपारची वेळ, फाटकावर सावली नाही, लोखंडाला हात लावला तर चटका. मी बाजूच्या छोट्या दारानं आत शिरले आणि दहा-बारा पावलं गेले असेन. मागून आवाज आला.

‘ओ मॅडम. थांबा. कुणाकडं जायचंय?’

मी वळले. पन्नाशीचा माणूस, गणवेशाचं वरचं बटण उघडं, चष्मा कपाळावर सरकवलेला. आवाज चढलेला नव्हता, मऊही नव्हता. मी नाव सांगितलं, कोणाकडे काम आहे ते सांगितलं. ‘वहीत लिहा,’ तो म्हणाला आणि केबिनच्या खिडकीतून वही माझ्यासमोर सरकवली. पानाच्या वरच्या बाजूला त्यानं स्वतः तारीख आणि वार लिहिला होता. निळं बॉलपेन. गोल अक्षर. ‘मंगळवार’वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश ओढलेली रेघ.

मी तिथं गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले. तोंडाशी आलं होतं, ‘तुम्हीच का…’ पण पुढे काय म्हणणार होते? मी तुम्हाला ओळखते, तुम्ही मला ओळखत नाही, तुमचं एक वाक्य माझ्याकडे होतं. भर दुपारी एका अनोळखी बाईनं असं जवळ येऊन बोलणं, याला माझ्याकडे एक शब्द होता आणि तो मी त्याच्यासाठी एकदा वापरून झाला होता. नाव लिहिलं. वेळ लिहिली. मग ‘कामाचे स्वरूप’ असा रकाना होता. पेन त्याच्यावर टेकवून मी थांबले. आडवी शाई पसरून तिथं एक ठिपका झाला.

‘लिहा काहीपण,’ तो म्हणाला. ‘फक्त जाताना वेळ टाका.’